सातव्या राउंडला माझा बॉक्सर मेलेला असतो (अनडिस्प्यूटेड – लढतीचं नियोजन आणि दमाचं गणित)

खिडकीतला कावळा

मंडळी, पोरं झोपली की रात्री तासभर 'अनडिस्प्यूटेड' हा बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम खेळतो. मी मूळचा 'फाइट नाइट चॅम्पियन'वाला. २०११ चा तो गेम इतका घासलाय की डिस्कवर माझ्या बोटांचे ठसे कोरले गेलेत. त्यानंतर कित्येक वर्षं बॉक्सिंगचा धड गेमच आला नाही. शेफील्डच्या स्टील सिटी इंटरॅक्टिव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पूर्ण रूपात आणला, तेव्हा बायकोला 'दिवाळीचं माझं मला' असं सांगून घेतला.

दुखणं असं. गेमच्या करिअर मोडमध्ये सहा-आठ राउंडच्या लढती होत्या तोवर मी राजा होतो. बारा राउंडच्या सुरू झाल्यापासून सलग पाच हरलोय, आणि बहुतेक एकाच पद्धतीने. पहिले चार राउंड माझे. पाचवा-सहावा अटीतटीचा. सातव्याला स्टॅमिनाची (दमाची) पट्टी अर्धी पण भरत नाही. नवव्या-दहाव्यात मी खाली आणि पंच वर बोटं मोजतोय.

परवाचे आकडे लिहून ठेवलेत: पहिल्या राउंडला ९४ ठोसे मारले, २३ लागले. आठव्याला ३१ मारले, ५ लागले. स्टॅमिनाचं रेटिंग वाढवलं, फरक शून्य. शेवटी मुहम्मद अलीचं रोप-अ-डोप पण करून बघितलं. दोरांना टेकलो, गार्ड (तोंडापुढचे हात) वर घेतला, म्हटलं दमव स्वतःला. तिसऱ्या राउंडला नॉकआउट. माझाच.

कुठे चुकतंय?

बटाटेवडा_४२

मी पयला!
कावळेबुवा, तुम्ही पण पोरांबरोबर झोपत जा. स्टॅमिना आपोआप वाढेल.

डावखुरी

९४ मारले, २३ लागले. म्हणजे ७१ वाया. उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय की!

या गेममध्ये हवेत गेलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दम खातो. लागलेल्याची किंमत निदान वसूल होते. हुकलेल्याची किंमत वेगळी, आणि हात परत येईपर्यंत समोरचा तुम्हाला मारतो ती वेगळी. चौथ्या राउंडपर्यंत तुम्ही जिंकत नाही आहात, उधारीवर जगताय. वसुली सातव्याला येते.

एक खरी लढत सांगते. २ मे २०१५, मेवेदर विरुद्ध पॅकियाओ. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत मेवेदरने पूर्ण बारा राउंडमध्ये ४३५ ठोसे मारले, १४८ लागले. पॅकियाओने ४२९ मारले, ८१ लागले. मारण्यात दोघं जवळपास सारखेच, पण पंचांनी ११८-११०, ११६-११२, ११६-११२ असा निकाल मेवेदरला दिला. ४३५ भागिले १२ करा. राउंडला ३६. आणि तुम्ही पहिल्याच राउंडला ९४!

खिडकीतला कावळा

ताई, गणित पटलं. पण ३६ मारायचे तर उरलेल्या वेळात करायचं काय? मी थांबलो की तो अंगावर येतो. शिवाय कमी मारले तर राउंड त्याला जाणार ना?

लाल माती

कावळेराव, मी कोल्हापूरचा, बॉक्सिंगशी संबंध फक्त गेमपुरता, पण लहानपणी तालमीत चार वर्षं काढलीत. आमच्याकडे स्टॅमिनाला दमसास म्हणतात आणि वस्ताद पहिल्या दिवशी सांगायचे, पोरा, ताकद दिसते, दमसास दिसत नाही. निकाली कुस्तीत पहिली काही मिनिटं नुसती खडाखडी चालते. बघणाऱ्याला वाटतं दोघं टाइमपास करतायत. तसं नसतं. समोरच्याचा श्वास कसा चाललाय, तो कुठल्या पायावर भार टाकतो, मान दाबली की हाताने सोडवतो का अंगाने, हे सगळं तेव्हा कळतं. तुमची खडाखडीच होत नाही. घंटा वाजली की तुम्ही सरळ पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, धावता.

आता गुणांचं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला साधारण ९. नॉकडाउन झाला, म्हणजे कोणी खाली पडला, तर सहसा १०-८. म्हणजे तुम्ही २३ विरुद्ध ६ असा राउंड मारला काय आणि १२ विरुद्ध १० असा मारला काय, पदरात तेच १०-९. तुमचे पहिले चार राउंड तुम्ही सोन्याच्या भावाने विकत घेतलेत, आणि तोच माल शेजारच्या दुकानात भाजीच्या भावाने मिळत होता.

मी तीन मिनिटांचे तुकडे करतो. पहिला मिनिट फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि बघणं. त्याचा उजवा कधी येतो, जॅब टाकल्यावर त्याचा हात खाली जातो का, एवढंच. मधल्या मिनिटात दोन-तीन वेळा आत शिरून पोटावर दोन ठोसे आणि लगेच बाहेर. तिथे उभं राहून तिसरा-चौथा मारायचा मोह झाला की कंट्रोलर मांडीवर ठेवायचा. शेवटच्या तीस-चाळीस सेकंदांत काय ती मारामारी. शुगर रे लिओनार्डबद्दल बॉक्सिंगवाले नेहमी बोलतात की तो राउंडच्या शेवटी झड लावून पंचांच्या डोळ्यांत राउंड भरून ठेवायचा. १९८७ ची हॅग्लरविरुद्धची लढत बघा, त्या निकालावर लोक अजून भांडतात. गेममधले पंच शेवट लक्षात ठेवतात असा माझा दावा नाही. पण राउंडच्या शेवटी खर्च केलेला दम लगेच कॉर्नरमधल्या विश्रांतीच्या मिनिटात थोडाफार भरून निघतो, आणि सुरुवातीला खर्च केला तर उरलेली अडीच मिनिटं तुम्ही उघडे. हा फायदा कुठे जात नाही.

आणि तो अंगावर येतो म्हणालात. येऊ दे की. येणाऱ्याला मारायला जावं लागत नाही.

बटाटेवडा_४२

शेवटची ओळ फ्रेम करून लावतो.

दहा औंस

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण या विषयावर राहवलं नाही. विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षं खेळले आहे. तिथे तीन मिनिटांचे तीन राउंड. टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटतं नऊ मिनिटं म्हणजे काय! पहिल्या स्पर्धेत दुसऱ्या राउंडच्या मध्यावर माझे हात खांद्यापासून गळाले होते. सर ओरडत होते 'गार्ड वर', आणि मला गार्ड वरच आहे असं वाटत होतं. नंतर व्हिडिओत पाहिलं तर ग्लोव्ह छातीशी.

दम कुठे जातो, तर निम्मा ताणात जातो. नवखा माणूस मारत नसतानाही मूठ घट्ट, खांदे कानाला आणि श्वास अडकवून उभा असतो. मूठ ठोसा लागण्याच्या क्षणीच आवळायची, श्वास प्रत्येक ठोशाबरोबर सोडायचा. रिंगमध्ये बॉक्सर 'स्स' करतात ते उगाच नाही.

गेममध्ये श्वासाचं बटण नाही, पण पायांचं आहे. वर सगळे ठोशांबद्दल बोलले, पायांचा खर्च कोणी मोजला नाही. कावळेदादा, तुम्ही पूर्ण राउंड उड्या मारत फिरता का? ते मोकळं, नाचतं फूटवर्क चालू ठेवलं की तेही दम खातं. गरज असेल तेव्हाच वापरायचं: दोरांपासून निसटायला, नाहीतर आत-बाहेर करायला. बाकी वेळ सपाट पायांवर अर्धं पाऊल मागे, अर्धं बाजूला. समोरच्याचा ठोसा चार बोटांनी हुकला काय आणि चार फुटांनी हुकला काय, त्याचा दम तेवढाच जातो. तुमचा मात्र चार फुटांना जास्त जातो.

आणि दिशा! सरळ मागे जाऊ नका. समोरचा उजव्या हाताचा असेल तर त्याच्या उजव्या हातापासून लांब, म्हणजे आपल्या उजवीकडे सरका. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि पहिल्या स्पर्धेत सगळे विसरतात.

खिडकीतला कावळा

दहा औंस ताई, पकडलंत. मी पूर्ण राउंड बेडकासारखा उडत असतो. भारी दिसतं हो ते.

मध्यरात्रीचा_चहा

रोप-अ-डोपबद्दल कोणी बोललंच नाही. तो माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. अली विरुद्ध तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता जॉर्ज फोरमन. फोरमन २५ वर्षांचा, ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. फ्रेझर आणि नॉर्टन या दोन तगड्या हेवीवेटांनाही त्याने दोन-दोन राउंडमध्ये संपवलेलं. अली ३२ चा. लोकांच्या डोक्यात राहिलेलं चित्र एकच: अली दोरांवर रेललाय, फोरमन मारतोय, आठव्या राउंडला फोरमन दमला आणि अलीने पाडला.

कुठे मिळाली तर ती लढत पूर्ण बघा. पहिल्या राउंडला अली दोरांवर नाही, मध्यावर आहे आणि थेट उजव्या हाताने मारतोय. जॅबची वाट न बघता पहिलाच ठोसा मागच्या हाताचा! हेवीवेटमध्ये हे जवळपास अपमानासारखं. दोर दुसऱ्या राउंडपासून येतात. आणि दोरांवर असतानाही तो नुसता सोसत नाही. दर थोड्या वेळाने फोरमनच्या तोंडावर दोन-तीन सरळ ठोसे बसतायत. जवळ आला की मानेवर हात टाकून त्याचं डोकं खाली दाबतोय, म्हणजे फोरमनला स्वतःबरोबर अलीचं वजनही पेलावं लागतंय. वर सतत बडबड. दोर सैल होते, त्यामुळे त्याला डोकं मागे नेऊन ठोशाच्या टप्प्याबाहेर जाता येत होतं. त्यात आफ्रिकेतली दमट रात्र.

तेव्हा रोप-अ-डोप म्हणजे मार खाणं नव्हे. समोरच्याला महागडे ठोसे स्वस्त जागी, म्हणजे हातांवर आणि कोपरांवर, मारायला लावणं, आणि मध्येमध्ये स्वतः बिल फाडणं.

कावळ्यांचं फसलं त्याची मला दोन कारणं दिसतात. एक, तुम्ही परत मारलंच नसणार. दोन, गेममधला कॉम्प्युटर चिडत नाही. फोरमनला राग आला होता, अहंकार होता, त्याला तो माणूस पाडायचाच होता. कॉम्प्युटरची पट्टी खाली आली की तो शांतपणे मागे सरकतो. त्याला अलीची बडबड ऐकू येत नाही. हाच डाव ऑनलाइन खेळून बघा. रात्री बारा वाजता समोर कोणीतरी गरम डोक्याचा येतो आणि पहिल्या दोन राउंडमध्ये दोनशे ठोसे मारून मोकळा होतो. तिथे हे चालतं, आणि फार गोड चालतं.

डावखुरी

+१. फक्त दोर शक्यतो टाळा. रिंगच्या मध्यावर अर्धं पाऊल मागे घेऊनही तेच काम होतं, आणि पाठीमागे पळायला जागा उरते. अली अली होता.

हाणामारी.कॉम

सगळ्यांशी असहमत. हा काय मेवेदर निर्मिती कारखाना आहे का? राउंडला ३६ ठोसे मारून बघणाऱ्याला झोप लागते. मी पूर्ण करिअर प्रेशर (सतत अंगावर जाऊन) खेळलोय, राउंडला ७०-८० मारतो आणि बाराव्यालाही उभा असतो.

युक्ती एकच. माझे निम्मे ठोसे पोटावर असतात, पहिल्या राउंडपासून. लोक पोटावर मारत नाहीत, कारण लगेच काही दिसत नाही. डोळा सुजत नाही, पाय लटपटत नाहीत. पण त्याच्या पट्टीकडे बघा, ती प्रत्येक राउंडनंतर थोडी कमी भरते. माझा दम जातोच, नाही म्हणत नाही. पण त्याचा माझ्याआधी जातो. शर्यत माझी स्वतःशी नाही, त्याच्याशी आहे. दोघं विहिरीत पडलो तरी चालेल, तो एक हात खाली असला पाहिजे.

'फाइट नाइट चॅम्पियन'मध्ये शेवटची आयझॅक फ्रॉस्टची लढत आठवतेय का? तो राक्षस. डोक्यावर मारत बसणारे सगळे मेले तिथे. आधी जीव वाचवा, मग पोट फोडा, मग डोकं, हे गेम स्वतः ओरडून सांगत होता. कावळे, तुम्ही डिस्क घासलीत म्हणता, मग हे कसं विसरलात?

लाल माती

हाणामारी, तुझं म्हणणं माझ्याविरुद्ध नाहीच रे. ७० मारतोस त्यातले लागतात किती ते सांग.

हाणामारी.कॉम

तीसेक. जवळून मारतो म्हणून लागतात. लांबून नाही मारत.

डावखुरी

मग झालं की. तुमचे चाळीस वाया, कावळ्यांचे सत्तर. शिवाय तुम्ही चालत जवळ जाता, ते पळत जातात.

फक्त एक इशारा. प्रेशर खेळणाऱ्याने १७ मार्च १९९० ची चावेझ-टेलर लढत जरूर बघावी, टेलरच्या बाजूने. मेल्ड्रिक टेलर हाताने विजेसारखा. ठोशांच्या संख्येत चावेझच्या कितीतरी पुढे. अकरा राउंडनंतर तीनपैकी दोन पंचांकडे तो आरामात पुढे होता. बारावा राउंड नुसता फिरून काढला असता तरी चाललं असतं. पण कॉर्नरमधल्या प्रशिक्षकांनी सांगितलं की हा राउंड हवाच. तो मारायला गेला. चावेझच्या उजव्याने खाली पडला, उठला, पण पंचाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, आणि लढत संपायला २ सेकंद असताना थांबवली गेली. टेलर संख्येने जिंकत होता आणि शरीराने हरत होता. त्याचे ठोसे मोजायला भरपूर होते, चावेझचे मोजायला कमी, पण प्रत्येक आत काहीतरी मोडत होता.

गेममध्येही लढत चालू असताना गुणपत्रक दिसत नाही. म्हणून मी वहीत लिहिते. प्रत्येक राउंडनंतर स्वतःशी प्रामाणिकपणे १०-९ कोणाला ते. दहाव्यानंतर सात राउंड माझे असतील तर उरलेले दोन मी फक्त जॅब आणि पाय.

बटाटेवडा_४२

वही??? ताई, तुम्ही शिक्षिका आहात का?

डावखुरी

आहे. गणिताची. पुढे?

बटाटेवडा_४२

काही नाही बाई. बसतो.

दहा औंस

हाणामारी यांचं पोटाबद्दलचं शंभर टक्के खरं. खऱ्या रिंगमध्ये डोक्याला बसलेल्या ठोशाने घाबरायला होतं, पण बरगडीखाली यकृतावर बसला की विचारच बंद. पाय ऐकत नाहीत. डोक्याला बसल्यावर जिद्दीने उभं राहता येतं, तिथे जिद्द चालत नाही.

पण पोटावर मारायला जाताना आपलं डोकं त्याच्या हाताच्या टप्प्यात जातं, हे विसरू नका. आधी जॅब डोळ्यांपुढे, त्याचे हात वर गेले की मगच खाली. मोकळ्या मैदानातून सरळ पोटावर धावलात तर अपरकट (खालून हनुवटीवर येणारा ठोसा) ठेवलेलाच. १८ मे २०२४ ची फ्युरी-उसिक हेवीवेट लढत पाहा. चौथ्या ते सहाव्या राउंडमध्ये फ्युरी उसिकच्या पोटावर असा काही मारत होता की वाटलं संपलं. उसिकने तेवढा वेळ तग धरला, आणि आठव्यापासून गिअर बदलला. नवव्यात फ्युरी दोरांवर आदळत होता, पंचाने आकडे मोजले. शेवटी दोन पंचांनी उसिकला ११५-११२ आणि ११४-११३ दिलं, तिसऱ्याने फ्युरीला ११४-११३. उसिकला ते मधले राउंड गेले तरी चालले, कारण पुढच्या राउंडांसाठी त्याच्याकडे शिल्लक होती.

कावळेदादांना हीच सवय लावायला हवी. राउंड सोडता आला पाहिजे. वाईट चाललेला राउंड वाचवायला जाऊ नका. गेला तर गेला, १०-९. तो वाचवायला गेलात की पुढचे दोनही जातात.

मध्यरात्रीचा_चहा

जाता जाता: करिअरमध्ये लढतीआधीच्या कॅम्पमध्ये किती रगडता तेही बघा. मी शेवटपर्यंत ट्रेनिंग घेऊन बॉक्सरला थकवलेल्या अवस्थेतच रिंगमध्ये आणायचो आणि मग गेमला शिव्या द्यायचो.

खिडकीतला कावळा (बारा दिवसांनी)

मंडळी, अहवाल.

पहिल्या दोन लढती हरलो. जॅब-जॅब करत बसलो आणि पाचव्याला कंटाळून पुन्हा बेडूक झालो. सवय वाईट. तिसऱ्या लढतीला डावखुरी ताईंचं ऐकून पोराची जुनी गणिताची वही घेतली. (पोराने सकाळी विचारलं, बाबा हे १०-९, १०-९ कसली बेरीज आहे? म्हटलं, ऑफिसची.)

पहिला राउंड ४१ मारले, १७ लागले. राउंड त्याला दिला असावा, मी वहीत त्यालाच लिहिला. हात शिवशिवत होते हो! दुसरा माझा. तिसऱ्यात आणि चौथ्यात हाणामारीभाऊंचं पोट. चौथ्यात अपरकट खाऊन खाली बसलो, कारण जॅब न टाकता सरळ आत गेलो. दहा औंस ताई, तुमची आठवण आली ती गुडघ्यावर असताना. पाचवा सोडला. मुद्दाम सोडला, फक्त फिरलो, तेही सपाट पायांनी. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं.

सातव्याला पट्टी बघितली. पाऊण भरलेली! आणि त्याची अर्ध्याच्या खाली. तो जॅब टाकायचा आणि हात खालीच ठेवायचा. आठव्याला उजवा, पुन्हा उजवा, तो खाली. उठला. नवव्याला मला घाई झाली, ३० वाया घालवले, थोडं दमलो, पण दहाव्यात लाल मातींची खडाखडी केली आणि सावरलो. बारा राउंड उभा. वहीत ११४-११२ मी. निकाल विभागून, दोन पंच माझ्या बाजूने.

ओरडलो म्हणून बायको उठली. एक शंका मात्र राहिली. पुढचा प्रतिस्पर्धी डावखुरा आहे. माझा जॅब त्याच्या पुढच्या हातावरच अडकतोय. सरावात पहिल्याच राउंडला ५० वाया गेले.

डावखुरी

आमच्या जातीवर आलात तर. तुमचा पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवा, आणि जॅब विसरून उजवा सरळ मारा. बाकी उद्या लिहिते, पेपर तपासायचेत.